जागेची चौकट

"पुन्हा बाहेर टाकलं तुझ्या स्कीमानं!" प्रेरणानं खुर्ची धाडकन मागं सरकवली. "बिसरामकाकांचं घरटं. दोन अंडी आहेत रे त्यात!"

उमेंद्रनं भली मोठी जांभई दिली. "जागा लिहिली आहे का?"

"नाही."

"मग बाहेर."

गोंदियातल्या सारस मंडळाच्या दोन टेबलांच्या ऑफिसात हा वाद पोळ्याच्याही आधीपासून धुमसत होता. धानाच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या भातखाचरात, सारसाचं घरटं दिसलं, की गावोगावचे शेतकरी मोबाइलवरून नोंद पाठवत. ती एक्सएमएलमध्ये, म्हणजे नावं घातलेल्या चौकटींत, येऊन पडे: गाव, शेतकरी, अंडी, जागा. उमेंद्रनं लिहिलेली एक्सएसएलटी तिचं रूपांतर करी आणि मंडळाच्या नकाशावर टिंब उमटे. कुठली चौकट भरलेलीच हवी, हे स्कीमा सांगे. भांडण एवढंच, की रूपांतर करणाऱ्यानं तपासणीही करावी का.

"रूपांतराची भाषा रूपांतरासाठी असते," प्रेरणा म्हणाली. "तपासणी वेगळी कर, आधी कर, लाल खूण करून ठेव. तू तर स्कीमा एक्सएसएलटीच्याच गळ्यात बांधलास. रूपांतर चालवणाऱ्या साध्या, फुकट इंजिनाला ते जमत नाही म्हणून मंडळाला महागडं इंजिन घ्यायला लावलंस. जग साध्यावर चाललंय!"

"जगाचं जग पाहील. तपासणी वेगळी ठेवली, का कोणीतरी एक दिवस ती टाळते."

"कोणीतरी म्हणजे मी?"

"तूच तं."

"मग निदान सैल कर. चौकट भरली असेल तर तपास, नसेल तर जाऊ दे. तशी सोय आहे, मी वाचलंय."

"सोय आहे म्हणून वापरलीच पाहिजे काय?"

त्याच्या बोलण्यात दम आहे, हे तिला मनातून पटत होतं, आणि म्हणूनच डोकं जास्त फिरत होतं. कागदावर तो बरोबर असेलही. पण नकाशावर टिंब असेल त्याच घरट्याला मंडळ राखणदार देई. नकाशा म्हणजे अध्यक्ष गुलाबचंदजींचा जीव की प्राण. तो सगळ्यांसाठी खुला राहणार, हे त्यांनी गेल्या साली टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. त्यानंतर तो विषय कोणी काढला नव्हता. त्याच साली नकाशात पहिलं टिंब उमटलं, तेव्हा केवढं कौतुक झालं! गाड्या भरभरून लोक पाहायला आले. आणि पंधरवड्यात ते जोडपं अंडी टाकून उडून गेलं. प्रेरणानं ती थंडगार अंडी स्वतःच्या हातानं उचलली होती. राखण कमी पडली, असं तिचं म्हणणं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

आणि यंदा लोक तरी कसे! फोटो पाठवतात, अंडी मोजतात, नेमकी जागेची चौकट तेवढी कोरी. एकाचीही भरलेली नाही.

"तुला सारस नकोतच," ती शेवटी बोलून गेली. "तुला स्वच्छ फाइल हवी. बांधीत कधी पाय तरी घातलास का? मडगार्ड नसलेली गाडी चालवतोस आणि पँटीला चिखल घेऊन येतोस, तेवढाच तुझा मातीशी संबंध."

उमेंद्रनं पाय टेबलाखाली ओढून घेतले. "स्कीमा बदलणार नाही," तो म्हणाला आणि पुन्हा जांभई दिली.

झक मारली आणि याच्या नादी लागले, असं म्हणत प्रेरणानं दुसऱ्या दिवशी उजाडताच स्कूटी काढली. बोदलकसाच्या अलीकडच्या टोलीवर, पाच-दहा घरांच्या वस्तीत, बिसरामकाकांचं घर. काका अंगणात दात घासत होते. शामकलाकाकूंनी बाज टाकली, लाल चहा आणला.

"बसा जी. एवढ्या सकाळी काऊन आल्या?"

"काका, घरट्याची जागा सांगा. मी माझ्या हातानं भरते. चौकट कोरी राहिली म्हणून राखणदार मिळत नाही तुम्हाला."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. प्रेरणाला कळेना, यात हसण्यासारखं काय.

"राखणदार तं हाये बाई," काकू म्हणाल्या. "धानाचा रोवणा आटोपला तवापासून येऊन राहिला. उजाडाच्या आधी धुऱ्यावर बसते, ऊन चढलं का जाते. चहाबी तिथंच नेऊन देतो त्याले. झोप नाही बिचाऱ्याले."

"कोणी पाठवला? तुमचं घरटं तर नकाशावरच नाही!"

"ते मले मालूम नाही. मी तं जागा लिवतच होतो," काका म्हणाले. "त्यानंच हात धरलन. म्हणे, कोरी सोडा. आजूबाजूच्या गावातबी तसंच सांगून आला तो. कोरी असली, का मशीन दारातच अडवते म्हणे, नकाशावर जाऊ देत नाही."

प्रेरणा उठून उभी राहिली. "मला दाखवा तो माणूस. आत्ताच्या आत्ता."

"दाखवतो. पण मोबाइल इथं ठेवा जी. त्याचा नेमच हाये तसा."

काकूंनी पदर पुढं केला. प्रेरणानं त्यात मोबाइल टाकला आणि ती काकांच्या मागं धुऱ्यावरून, शेताच्या अरुंद बांधावरून, निघाली. धान कमरेला लागत होतं. बांधीच्या मधोमध गवताच्या ढिगावर सारस बसला होता, मान उंच करून. त्याच्यापासून लांब, पलीकडच्या धुऱ्यावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आणि डोक्याला दुपट्टा बांधून उमेंद्र बसला होता. तिला पाहून तो उठला नाही. त्यानं फक्त ओठांवर बोट ठेवलं.