ओठ मिटेनात

तिसऱ्यांदा त्याने ओठ मिटवले आणि तिसऱ्यांदा ते उघडे निघाले.

मूर्तिकार स्टुलावर टेकला. गुडघे बोलत होते, पाठ तर कधीचीच कामातून गेली होती. समोर मातीचा चेहरा. त्याच्या बायकोचा. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. साचेवाला उद्या सकाळी येणार होता, आणि एकदा साचा निघाला की जे असेल ते कायमचं.

चाळीस वर्षांत त्याने तीन कुलगुरू, दोन सेनापती, काही कारखानदार आणि एक बदनाम नगराध्यक्ष घडवला होता. तोंड एकाचंही उघडं ठेवलं नव्हतं. आत पावसाचं पाणी साचतं, असं तो सांगे. शिवाय त्या मंडळींनी हयातीत पुरेसं बोलून घेतलेलं असे. बायकोचाही चेहरा शांत, मिटल्या ओठांचा करायचा, हे पक्कं होतं. तशी ती शांतच बाई. निदान त्याच्या आठवणीत.

पण ठरवणार डोकं आणि काम करणार हात. कानाची पाळी नीट करायला गेलेले हात परतताना ओठांपाशी रेंगाळत. क्षणभर लक्ष सुटे, आणि पाहावं तर खालचा ओठ पुन्हा सुटलेला.

लेक चहा घेऊन आली.

"हात म्हातारे झाले," तो म्हणाला. "साधं एक तोंड मिटवता येईना."

लेकीने चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, ही 'अहो' म्हणतेय."

"काहीतरीच."

"दिवसातून वीस वेळा त्या दारात उभी राहून म्हणायची. तुम्ही पाठमोरे, 'थांब जरा' म्हणायचात. मी तिच्याकडे बघत असायचे. अगदी अस्संच तोंड. मग थोडी थांबायची आणि आत जायची."

"मी तर कधी वळून पाहिलंच नाही गं."

"तेच म्हणते. मग हे आलं कुठून?"

लेक कप ठेवून गेली. त्याने लाकडी पट्टी उचलली, ओठांपर्यंत नेली आणि तशीच खाली ठेवली. ओल्या फडक्याला हात पुसले. स्टूल पुढे ओढलं.

"काय गं?" त्याने विचारलं.