शेवटच्या फेरीचा मान

शवपेटीचं झाकण अजून लागायचं होतं. पॉलिन जरा हवा घ्यायला खिडकीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. पाचूबंदरच्या धक्क्याला एकूण एक होडी लागलेली होती. उद्यापासून मासेमारी बंद, पावसाळा ओसरेपर्यंत जाळी माळ्यावर. मोसमातली ही शेवटची फेरी कोळी माणूस अंगात ताप असला तरी चुकवत नाही. आणि आज एकाही होडीचं इंजिन वाजत नव्हतं.

"बंदरावरून आज कोनाची होडी सुटनार नाय," मागून बॅप्टिस्ट म्हणाला. मच्छीमार सोसायटीचा हा म्हातारा अध्यक्ष पहाटेपासून तिच्याच घरी होता. "दर्यात होते त्यांना वायरलेसवर निरोप दिला. जाळी न टाकता परत आले सगळे. लिलाव बंद, बर्फ बंद. कॅल्विनचा मान हाय तो."

गावात मयत असली की माती होईपर्यंत होडी सोडायची नाही, हा रिवाज जुनाच. पण अलीकडे घरचे आणि शेजारचेच तेवढे थांबत. शेवटची फेरी तर आजवर कोणी कोणासाठी सोडली नव्हती. पॉलिनला भरून आलं. ह्याच माणसांनी तिच्या नवऱ्याची काय कमी टर उडवली होती? सगळं बंदर त्याला 'रिपोर्ट' म्हणायचं. दिसला की हाळी यायची, "काय रिपोर्ट, आज कुठली कचेरी?"

त्याला कारण होतं. गावासमोरच्या पाण्यात भराव घालून मोठी जेटी व्हायची होती. त्या पाण्यात काय काय जगतं ते तपासायला माणसं आली, ती ऐन पावसाळ्यात, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असताना. आली, चार बाटल्या पाणी घेतलं आणि रिपोर्टात लिहून गेली, की इथे मासळी नगण्य. बोंबील, करंदी, पापलेट, सगळ्यांची पिल्लं जिथे वाढतात ते पाणी म्हणे नगण्य. कॅल्विनच्या डोक्यात तो शब्द शिरला तो निघालाच नाही. होडी धाकट्या भावाच्या हवाली करून तो कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागला. मागणं एकच. मोसमात या, आमचा लिलाव बघा, टोपल्यांत हात घाला आणि मग काय लिहायचं ते लिहा.

शेवटी कचेरीवाले कबूल झाले. पण अट घातली, की येण्याचा दिवस गावाला कळता कामा नये. नाहीतर तुम्ही बाहेरची मासळी आणून मांडाल, असं जेटीवाल्यांचं म्हणणं. कॅल्विनने शब्द दिला आणि तोंडाला कुलूप लावलं.

"मला तरी सांग," पॉलिन जेवण वाढताना म्हणायची.

"तुला सांगितलं म्हणजे लिलावात ओरडून सांगितलं," तो हसायचा. पॉलिन धक्क्यावर मासळी विकायची, तिचा आवाज ह्या टोकाहून त्या टोकाला जायचा. ती फुरंगटायची, पण त्याचं काही खोटं नव्हतं.

मागच्या आठवड्यात तो शीळ घालत घरी आला. कालवण दोनदा मागून घेतलं. पॉलिन मनात म्हणाली, माणसं गुपचूप येऊन, बघून गेली वाटतं. विचारलं मात्र नाही, सांगणार थोडाच होता. आणि काल दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. कालपासून ती जिवाला तेवढंच समजावत होती, की काम उरकून गेला.

मिस्साला चर्चमध्ये माणूस मावेना. बाजूच्या आळीतले हिंदू कोळीही होड्या बांधून आले होते. ज्यांनी त्याला वेडा म्हटलं त्यांनीच खांदा दिला. पॉलिन रडत होती आणि त्या रडण्यातही तिला नवऱ्याचा अभिमान वाटत होता. हे बघायला तो हवा होता, असं तिला सारखं वाटत राहिलं.

माती देऊन सगळे बाहेर पडले, तेव्हा फाटकाशी एक तरुण मुलगी उभी होती. खांद्याला ताणकाटा, हातात बर्फाची पेटी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"मावशी, सॉरी हं, अशा वेळी विचारतेय," ती पॉलिनला म्हणाली. "मी तेजस्वी. मासळीच्या सर्वेला आलोय आम्ही. सकाळपासून धक्क्यावर थांबलोय, पण एक टोपली उतरली नाही. आज सुट्टी असते का इथे?"

बॅप्टिस्टच्या तोंडचं पाणी पळालं. "पोरी, आता सोडतो होड्या," तो घाईघाईने म्हणाला. "तू थांब जरा." मग त्याने खाडीकडे पाहिलं. ओहोटी पार लागून गेली होती. होड्या चिखलात बसल्या होत्या.

"बंदर बंद होतं असं लिहीन मी, काका," तेजस्वी म्हणाली. "पण उद्यापासून बंदी आहे आणि अहवाल ह्याच आठवड्यात जाणार. मासळीपुढे शून्यच पडेल." सांगताना ती कानकोंडी झाली होती. "आम्हाला आधीचा कुठलाही दिवस चालला असता. कॅल्विनकाकाच हट्ट धरून बसले. शेवटच्याच दिवशी या म्हणाले, त्या दिवशी बंदरावर पाय ठेवायला जागा नसते. आता त्यांचा फोनही लागत नाहीये. कुठे भेटतील ते?"

पॉलिनच्या हाताला मघाची माती तशीच होती. तिने वळून धक्क्याकडे पाहिलं, ओळीने लागलेल्या त्या सगळ्या होड्यांकडे.

"त्याच्यासाठीच तर बंद हाय, बाय," ती म्हणाली.