चिमणीनं चावलेलं बोट

लेकीनं मऊ जेलची पट्टी कात्रीनं मधोमध कापली आणि तिच्यातून जाणाऱ्या विजेवर जळणारा इवलासा दिवा विझला.

मागच्या खुर्चीत बाबा पुढे झुकले. मांडीवरची नात, चिमणी, दिव्याच्या दिशेनं हात नाचवू लागली.

लेकीनं दोन्ही तुकडे नुसते एकमेकांना टेकवून धरले. दिवा लुकलुकला, मग लख्ख लागला. तिनं पट्टी ताणून दाखवली. सांधा कुठे होता, कळेना.

बाबांची छाती फुगली. जन्मभर त्यांनी पत्रे कापायचं यंत्र चालवलं. कापलेलं पुन्हा जुळताना कधी पाहिलं नव्हतं. पोरीनं ते करून दाखवलं होतं.

प्रयोग तपासायला आलेल्या परीक्षकबाईंच्या कपाळावरची आठी मात्र हलली नाही. आज त्यांनी मान डोलावली नाही, तर उद्यापासून लेकीच्या या प्रयोगशाळेला टाळं.

आत येतानाच त्यांनी बाबांशी हात मिळवला होता. "आजोबा, नातीला सांभाळायला आलात वाटतं? पकड घट्ट आहे हो तुमची!"

"लेकीचा हुकूम," बाबा म्हणाले होते. सकाळी घरून निघतानाच तिनं बजावलं होतं, "बाबा, आज सगळं उजव्या हातानं हं."

"मी काय कुकुलं बाळ आहे?" ते गुरगुरले होते.

चहा आला. बाबांनी कपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "कढत आहे गं!" चिमणीला नेमकं तेच बोट हवं होतं. नवे दात शिवशिवत होते. तिनं कडकडून चावा घेतला.

"अगं राक्षसिणी!"

"लागलं, बाबा?" लेकीनं घाईनं विचारलं.

"लागलं म्हणजे? चांगलंच लागलं!" म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

परीक्षकबाईंनी कप खाली ठेवला. "टेबलावर दिवा लावणं सोपं असतं, बाई. रोजच्या धबडग्यात टिकेल का हे? घरात, लेकराबाळांत?"

"टिकतंय. मघापासून तुमच्या डोळ्यांसमोर."

"कुठं?"

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. बाबांनी चिमणीला तिच्या कडेवर दिलं. चावलेलं बोट एकदा उजेडात धरून निरखलं; दातांनी पडलेली चीर मिटली होती. मग ताठ मानेनं त्यांनी बाहीचं बटण सोडलं, मनगटापाशी एक पीळ दिला आणि आपला उजवा हात काढून परीक्षकबाईंच्या पुढ्यात ठेवला.