चाकांवरचा घाट

थोरल्या भावाचं, गेन्झोचं, पत्र येऊन अकरा वर्षं झाली होती. 'झालं गेलं विसर, एकदा वर ये,' एवढंच त्यात होतं. शिगेओंनी उत्तर दिलं नाही. उलट, घरातल्या कुणीही घाट चढून त्याच्याकडे जायचं नाही, असं बजावून ठेवलं.

वर्षअखेरच्या साफसफाईत गाडीची चाकं शिगेओंच्या वाट्याला येत. यंदाही ते दात घासायच्या जुन्या ब्रशनं पुढची अलॉय चाकं घासत बसले होते. ब्रेकची काळी भुकटी निघता निघत नव्हती.

"फुमिए, गाडी नेतेस तरी कुठे?"

"बाजारात. आणखी कुठे नेणार, तोक्योला?" बायको खिडकीची काच पुसता पुसता म्हणाली. "अहो, चाकं पुसायची असतात, वाचायची नसतात!"

पण बाजाराचा रस्ता सपाट होता. एवढी भुकटी लांबलचक उतारावर सारखा ब्रेक दाबल्याशिवाय साठत नाही. तेवढ्यात चाकाच्या खाचेतून कारामात्सू या सूचिपर्णी झाडाच्या पिवळ्या सुया निघाल्या. ही झाडं खाली गावात एकही नव्हती. होती ती वर, गेन्झोच्या दारात.

किती वर्षं आपण एकटेच भांडत होतो, कोण जाणे. सुया खिशात टाकून शिगेओंनी चारही चाकं लख्ख केली.

संध्याकाळी नववर्षाची शुभेच्छापत्रं टपालपेटीत टाकताना गठ्ठ्यात यंदा एक जास्त होतं.



'दादा, फुमिएला म्हणावं, घाट खालच्या गिअरवर उतरत जा. चाकं मला घासावी लागतात.'