भाविकने फेकलेली गोधडी

"सांगितलं तर कुनाला पटायचं न्हाय, व्याही," काळूराम म्हणाला, "पन आमचा भाविक आठ महिन्यांचा हाय, आनी रोज दुपारी पाळन्यातली गोधडी उचलून पेटीवर फेकतो. उशी पन!"

अनंता हसला नाही. तो पडघ्याहून जीप घेऊन आला होता तो लेकीला आणि नातवाला न्यायला. उन्नतीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोर चळवळं आहे, पाळण्यात काही ठेवू नका, असं आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईने बजावलं होतं. उशी नको, गोधडी नको, बाळाला उताणं झोपवा, उभं राहायला लागलं की गादी खालच्या फळीवर उतरवा. काळूरामचा मुलगा प्रितम त्याच दिवशी पाना घेऊन बसला आणि त्याने गादी उतरवली. पण त्याच्या आईला, आक्काला, उघडाबोडका पाळणा बघवेना.

"माझ्या चार पोरांची डोकी मोहरीच्या उशीवर गोल झाली," आक्का म्हणायची. "त्या नर्सबाईचं डोकं बघितलंत का?"

मागच्या सोमवारी त्याच उशीवर पाय देऊन भाविक कठड्यावरून अर्धा बाहेर आला. उन्नतीने तंगडी धरून त्याला आत ओढला. सासूशी वाद घालण्याऐवजी तिने पडघ्याला फोन लावला.

"सोमवारपासून रोज फेकतो म्हंजे बघा," काळूराम म्हणाला. "अशा पोराला काय होतंय?"

"आबा, रोज कोणीतरी काढतं म्हणून निभावतंय," उन्नती हळूच वडिलांना म्हणाली. "एक दिवस विसरलं तर?"

जेवायला बसण्याआधी अनंताने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आक्काने झोपलेल्या नातवाच्या डोक्याखाली उशी सारली, अंगावर गोधडी घातली आणि सुनेकडे बघत पदर खोचला.

काळूरामने खांद्यावरचा पंचा काढला. बोलता बोलता त्याची चौपदरी घडी घातली, कोपरा आत मुडपला आणि पंचा पुन्हा खांद्यावर ठेवला. "तीस वर्षं नारपोलीच्या गोदामात कापडाच्या घड्या घातल्या," तो व्याह्यांना म्हणाला. "आता हात ऐकत न्हाय."

सुकटीचं कालवण झकास होतं, पण जेवणात कुणाचं लक्ष नव्हतं. आक्का भात आणायला म्हणून आत गेली आणि मीठ घेऊन परतली. मग काळूराम हात धुवायला उठला, तो बऱ्याच वेळाने आला.

दोनला लाईट गेली. गल्लीतले सगळे लूम एकदम थांबले. भिवंडीत पोरं आवाजाने जागी होत नाहीत, आवाज थांबला की होतात. आतल्या खोलीत पाळण्याचा कठडा खडखडू लागला.

अनंता उष्ट्या हाताने धावला. मागोमाग उन्नती.

भाविक दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. कठडा त्याच्या हनुवटीला लागत होता. त्याने एक पाय वर टाकला. पायाखाली घ्यायला काही नव्हतं. तो बुडावर बसला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा पाय टाकला, पुन्हा बसला. चार वेळा. पाचव्या वेळी त्याने कठडा चावून बघितला आणि आजोबाला बघून खदखदून हसला.

पाळण्यात चादर घट्ट खोचलेली गादी होती, बाकी काही नाही. समोरच्या भिंतीशी पेटी होती. पेटीवर गोधडीची तीन पदरी घडी, काठाला काठ जुळवलेली, आणि तिच्यावर मोहरीची उशी.

"बघा!" दारातून काळूराम म्हणाला. "फेकली का न्हाय?"

"एवढ्या लांब? आनी घडी घालून?"

"रक्तात हाय, व्याही! आज्यानं तीस वर्षं घड्या घातल्या, नातू काय बोळा करून फेकील?" काळूरामने आवाज चांगलाच चढवला होता, स्वयंपाकघरापर्यंत जाईल इतका.

अनंताने गोधडीकडे पाहिलं. मग काळूरामच्या खांद्यावरच्या पंच्याकडे. आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हंजे हात धुवायला गेलात ते याच्यासाठी! मानलं तुम्हाला. बायकोला दुखावलं न्हाय, सुनेला दुखावलं न्हाय, पोराला मात्र जपलं."

काळूरामने मान खाली घातली. "आता काय सांगायचं," तो म्हणाला. "करावं लागतं मानसाला."

उन्नती वाकून त्याच्या पाया पडली. तिचे डोळे भरले होते. "मला वाटलंच होतं, बाबा. पण तुम्ही एखाद्या दिवशी घरी नसलात तर? आक्का ठेवायच्या त्या ठेवणारच." तिने भाविकला कडेवर घेतलं आणि बाहेर येऊन बॅगेला हात घातला.

अनंताने जीपची किल्ली काढली.

"तिचं पन खरं हाय, व्याही," काळूराम आणखी मोठ्याने म्हणाला. "या घरात पोराची काळजी माझ्याबिगर हाय कुनाला?"

आत पळी दाणकन आपटली. आक्का ओल्या हातांनीच उंबऱ्यात आली.

"खोटं! साफ खोटं!" ती ओरडली. "यांचा हात लागला की चार पदर पडतात आनी कोपरा आत जातो, तो खांद्यावरचा पंचा बघा! पेटीवरची घडी तीन पदरी हाय, आनी तीन पदरी घडी या घरात माझ्याशिवाय कोन घालत न्हाय!"