नऊ हाका
वादळाचा इशारा आला तशा सगळ्या होड्या चौक गावच्या किनाऱ्याला लागल्या, रीमाच्या बापाची सोडून. घरात लॅपटॉपपुढे बसून ती कंपनीच्या सर्व्हरचं काम करत होती. मागे आई स्पीकरवर बापाला फोन लावत होती. रिंग जायची, उचलत कुणी नव्हतं. "लांबून लॉगिन केलेली माणसं मध्येच गायब होतात आणि जागा अडवून ठेवतात," हेडफोनमधून सर सांगत होते. "सर्व्हरचा कर्नेल, म्हणजे त्याची मूळ प्रणाली, अशांना नऊ वेळा हाक मारतो, ओ दिली नाही तर मेले समजून तोडतो. नऊ कशाला? तीन कर." मागे आठव्यांदा रिंग वाजून थांबली. "रीमा, बापूस उचलंत न्हाय गो!" रीमाने तीन टाकले, बोट एंटरवर ठेवलं. "झालं का?" सर वैतागले. तिने दाबलं. पडद्यावरच्या यादीतली, ओ न दिलेली अकरा नावं पुसली गेली. आईने नवव्यांदा फोन लावला. रिंग गेलीच नाही.