बिनक्लचची गाडी

ज्या साहेबानं ही गाडी लिलावात काढली, त्यानं नाथाजीला दिवसाढवळ्या लुबाडलं होतं. खुर्चीत बसायचं, आजारी गाडीवर खडूनं 'चालू' लिहायचं आणि गरिबाच्या गळ्यात बांधायची. वर चहा पिऊन मिशीत हसायचं. हे नाथाजी साताऱ्यापासून तासगावापर्यंत भेटेल त्याला सांगत आला होता, आणि सांगताना एकही शब्द गिळत नव्हता.

गाडी अमेरिकन पिकप. धरणाच्या कामावर आलेल्या गोऱ्यांनी मागं सोडलेली. स्टिअरिंग डाव्या अंगाला, आणि क्लच नाहीच. स्टिअरिंगजवळचा दांडा एकदा खाली ओढला की गाडी आपली आपण गिअर बदलायची. नाथाजीच्या म्हसवडात तिला भुताची गाडी म्हणत. पण गिअर बदलताना ती असा हिसका द्यायची, की बसलेल्याचं डोकं पुढं आणि टोपी त्याच्याही पुढं.

माणसांचं चालून गेलं असतं. द्राक्षांचं चालत नव्हतं. हिसका बसला की घडाचे मणी गळतात, आणि गळलेल्या मण्यांना बाजारात कुत्रं विचारत नाही. तासगावचे बागायतदार आप्पासाहेब यांनी हंगामाचा सगळा माल साताऱ्याला न्यायचं काम नाथाजीला दिलं होतं. पहिल्याच खेपेला पाट्यांच्या तळाशी मण्यांचा खच पडला. पुन्हा असं झालं तर माल दुसऱ्याच्या गाडीत भरीन, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. नाथाजीच्या बायकोनं, अंजनानं, हातातल्या पाटल्या मोडून ही गाडी घेतली होती. हंगाम हातचा गेला की गाडीही जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आप्पासाहेबांना आणखीही एक खटकत होतं. हा गडी गाडीतून उतरतच नसे. अंगात फौजेची विजार, पायांत जाड बूट, आणि बसल्या जागेवरून हुकूम. पाट्या लावायच्या अंजनानं, दोर आवळायचे अंजनानं, रेडिएटरला पाणीही तिनंच घालायचं. बागेतल्या बाया तिला चिडवत, तुझा सायेब जेवायला तरी खाली येतो का. अंजना हसून म्हणायची, "न्हाई गं, त्यांची पंगत वरच बसती."

शेवटी आप्पासाहेबांनीच सगळ्यांना सांगलीला बिराप्पा मिस्त्रीकडे नेलं. परीक्षेला म्हणून द्राक्षांची एक पाटी मागं ठेवली होती. अंजना तिच्याजवळ बसली होती.

बिराप्पानं तेल पाहिलं, त्याचा वास घेतला, गाडीखाली लोळून आला आणि मान हलवली. असलं यंत्र त्यानं कधी उघडलं नव्हतं, आणि उघडायची हौसही नव्हती. त्यानं सरळ तोड सांगितली. हे पेटारं काढून फेकायचं, साधा गिअरबॉक्स बसवायचा, क्लच घालायचा. गाडी लोण्यासारखी चालेल. निम्मा खर्च आपण सोसू, असं आप्पासाहेबही म्हणाले. बिराप्पाला वाटलं, आता हा पाया पडेल.

नाथाजी म्हणाला, "न्हाई."

"आरं, फौजेत क्लचचीच गाडी हाकत हुतास न्हवं?" आप्पासाहेब म्हणाले.

"लय हाकली. चीनच्या लढाईपतोर हाकली. पर ह्या गाडीला क्लच बसवायचा न्हाई."

"म्हंजे माझी बाग रस्त्यावर गळू द्यायची?"

मागून अंजनानं काही बोलायला तोंड उघडलं. नाथाजीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं, तशी ती पाटीवरचा पाला सारखा करू लागली.

आप्पासाहेब भडकले. फौजेतून आलेल्या माणसाची मस्ती आपल्याला नवीन नाही, माल उद्याच दुसऱ्याला देतो, म्हणाले. बिराप्पानं मधे पडून वाद तोडला. आधी मला हाकून तर बघू दे, म्हणाला. नाथाजी खाली उतरलाच नाही. बाकावरच पलीकडे सरकला, त्याच्या शेजारी आप्पासाहेब कसेबसे मावले, आणि बिराप्पानं गाडी मिरजेच्या रस्त्याला काढली.

इंजिनाचा आवाज चढला, गिअर बदलला. पुन्हा चढला, पुन्हा बदलला. पाण्यावरून होडी जावी तशी गाडी गेली. हिसका नाही की काही नाही.

परत येताना नाथाजी हाकायला बसला. आवाज चढला, गिअर बदलला, आणि आप्पासाहेबांची टोपी काचेवर.

बिराप्पानं गाडी थांबवायला लावली. उतरून तो चालकाच्या बाजूला आला, दार उघडून फूटबोर्डवर उभा राहिला आणि आता गाडी हाक, म्हणाला. त्याची नजर खाली होती. एक हिसका बसला, दुसरा बसला. मग त्याला असं हसू फुटलं, की तो पडता पडता राहिला.

"गड्या, गाडी तुझ्यापरास शानी हाय. आवाज चढला की तुझा डावा पाय उठतोय, क्लच हुडकतोय, आन धप्पदिशी ब्रेकवर पडतोय. त्या लिलाववाल्याला कशाला शिव्या देतोस रं?"

नाथाजीनं गाडी कडेला घेऊन थांबवली. म्हणजे गाडी चांगली होती. हंगाम हातचा गेला नव्हता. मागं अंजना पाटीला मिठी मारून हसत होती, आणि तिचं हसू ऐकून नाथाजीही हसत सुटला. आप्पासाहेबांना मात्र पटेना. पाय ब्रेकवर पडतो आणि मालकाला पत्ता नाही, हे कसलं सोंग, असं त्यांनी विचारलं. "मला येडा समजू नगं. सोताचा पाय कळत न्हाई व्हय तुला?"

हसून हसून नाथाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं विजारीची डावी बाजू गुडघ्यापर्यंत वर ओढली, बिराप्पाच्या खिशातला पाना काढून घेतला आणि नडगीवर हाणला. कोरडं लाकूड वाजलं. "आवं आप्पासाहेब, माजा पाय बासष्ट सालीच चीनच्या लढाईत, तिकडं नेफात ऱ्हायला. ह्याला आता दोरीनं बांधून ठेवतो. तुमी फकस्त सांगा, माल कवा भरायचा?"